मुलांचे डॉन बॉस्को

इटली म्हटले की आमच्या बालवाचकांच्या डोळ्यांपुढे रोम शहर, सीझर, आणि फार झाले तर भूगोलाच्या पुस्तकातील तो बुटाच्या आकाराचा नकाशा उभा राहतो. त्या देशात मुलेही असतात, ती सकाळी काय खातात, सुटीच्या दिवशी कोणते खेळ खेळतात, कोणाच्या हातचा मार खातात, ह्याचा विचार सहसा कोणी करीत नाही. इतिहासाच्या पुस्तकांत राजे असतात, पोरे नसतात. म्हणून यंदा आम्ही अशा एका पुरुषाचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहोत की, ज्याची हकीकत सांगू लागले असता गेल्या काळातील गरीब इटालियन मुलांचा सारा दिनक्रम आपोआप सांगितला जातो. त्याचे नाव जोव्हानी बॉस्को. आपण धर्मगुरूंस फादर म्हणतो, तसे इटलीत त्यांच्या नावामागे डॉन हे उपपद लावण्याची रीत आहे. त्यामुळे जग त्यांस डॉन बॉस्को ह्याच नावाने ओळखते.

उत्तर इटलीत आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी पिडमाँट नावाचा प्रांत आहे. तेथे कास्तेलनुओव्हो गावाजवळ, द्राक्षमळ्यांच्या टेकड्यांमध्ये, बेक्की नावाची चार घरांची वाडी आहे. त्या वाडीत दिनांक १६ ऑगस्ट १८१५ रोजी एका गरीब शेतकऱ्याच्या घरी जोव्हानीचा जन्म झाला. वॉटर्लूच्या रणांगणावर नेपोलियनचा पाडाव होऊन तेव्हा दोनच महिने लोटले होते. मूल दोन वर्षांचेही झाले नाही तोच बाप गेला. उन्हातान्हात काम करून घामाघूम झालेला तो माणूस थंडगार तळघरात उतरला, त्यास फुप्फुसाचा दाह झाला, आणि चार दिवसांत सर्व आटोपले. मागे राहिली वृद्ध सासू, सवतीचा मुलगा आंतोनियो, स्वतःचे दोन मुलगे जुझेप्पे व जोव्हानी, आणि ह्या सर्वांचा भार जिच्या शिरावर पडला ती मार्गारीता. तिला लिहितावाचता येत नव्हते.

त्याच वर्षी त्या प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. पैसे देऊनही धान्य मिळेना. धान्य आणावयास पाठविलेला शेजारी रिकाम्या हातांनी परतला, त्या रात्री मार्गारीताने देवाची प्रार्थना केली, गोठ्यात गेली, आणि घरचे एकुलते वासरू मारून उपाशी मुलांच्या तोंडात घास घातला. शेतकऱ्याच्या घरी वासरू म्हणजे उद्याचा बैल किंवा उद्याची गाय. ते गेले म्हणजे काय गेले, हे आमच्या खेड्यांतील पालकांस सांगावयास नको.

सुबत्तेच्या दिवसांतही बेक्कीच्या मुलांचे जेवण साधेच असे. मक्याचे पीठ उकळत्या पाण्यात सोडून, लाकडी दांड्याने तासभर घोटून, त्याचा घट्ट गोळा करीत. त्यास पोलेंता म्हणतात. तो फळीवर ओतावयाचा, दोऱ्याने त्याच्या वड्या पाडावयाच्या, आणि सोबत असेल ते खावयाचे. बहुधा सोबत काही नसेच. हिवाळ्यात चेस्टनट नावाची फळे भाजून किंवा उकडून खात. चार वर्षांचे पोर अंबाडीसारख्या तागाचे दोर सोलावयास बसे, आणि थोडे मोठे झाले की गुरांमागे जाई. जोव्हानी गुरे राखीत असताना त्याच्या शिदोरीस पांढरी भाकर असे. सोबतच्या एका गरीब गुराख्याकडे मात्र काळी कोंड्याची भाकर असे. जोव्हानी रोज त्याच्याशी भाकरीची अदलाबदल करी. काळी भाकर आपणास अधिक आवडते, असे तो त्यास सांगे. आणि तो गुराखी म्हातारा होईपर्यंत ही गोष्ट लोकांस सांगत राहिला.

मार्गारीतेच्या स्वयंपाकघरात कोपऱ्यात एक छडी उभी असे. ती प्रेमळ होती, पण लाडावणारी नव्हती. एके दिवशी ती बाजारास गेली असता कपाटावर ठेवलेला काहीतरी जिन्नस काढताना जोव्हानीच्या हातून तेलाचे भांडे पडून फुटले. फरशी पुसूनही डाग जाईना. तेव्हा ह्या आठ वर्षांच्या आरोपीने काय करावे? कुंपणातून एक लवचीक फोक तोडली, चाकूने तिची साल कोरून तीवर सुंदर नक्षी काढली, आणि आई येताना दिसताच सामोरा जाऊन, आज आपण शिक्षेस पात्र आहोत असे सांगून ती फोक तिच्या हाती दिली. आईने नक्षी पाहिली, मुलाकडे पाहिले, आणि तिला हसू आवरेना. त्या दिवशी मार मिळाला नाही. पुढे पुष्कळ वर्षांनी शेकडो व्रात्य मुलांशी गाठ पडली तेव्हा डॉन बॉस्कोंनी छडीस हात लावला नाही, ह्याचे मूळ शोधू जाता आम्हांस ह्या स्वयंपाकघराखेरीज दुसरीकडे जावेसे वाटत नाही.

नवव्या वर्षी त्यास एक स्वप्न पडले. घरासमोरच्या अंगणात पुष्कळ मुले खेळत आहेत, काही शिव्याशाप देत आहेत, आणि त्यांस गप्प करण्यासाठी आपण मुठी वळून त्यांत घुसलो आहोत, असे त्याने पाहिले. तेव्हा एका तेजस्वी पुरुषाने त्यास थांबविले आणि सांगितले की, ह्या मुलांस ठोशांनी नव्हे, सौम्यतेने व प्रेमाने आपलेसे करावयाचे आहे. सकाळी त्याने हे घरात सांगितले. जुझेप्पेने भाकीत केले की, हा मेंढपाळ होणार. आंतोनियोने तुच्छतेने म्हटले की, दरोडेखोरांचा नायक होईल. आजीने स्वप्नांकडे लक्ष देऊ नये असा निकाल दिला. आणि आई मात्र, कोणी सांगावे, कदाचित धर्मगुरू होईल, असे पुटपुटली.

त्या काळी खेड्यांच्या जत्रांत डोंबारी व गारुडी येत. जोव्हानी पुढच्या रांगेत उभा राहून त्यांच्या हातांकडे टक लावून पाही आणि घरी येऊन तेच करी. पडे, खरचटे, पुन्हा चढे. अखेर पेअरच्या व चेरीच्या झाडांमध्ये दोर ताणून तो त्यावरून चालू लागला. रविवारी दुपारी वाडीतील पोरे व मोठी माणसेही त्याचा खेळ पाहावयास जमत. तिकीट एकच होते: खेळाच्या मध्यंतरी सर्वांनी जपमाळ म्हणावयाची आणि सकाळी चर्चमध्ये झालेले प्रवचन ह्या दहा-अकरा वर्षांच्या डोंबाऱ्याच्या तोंडून पुन्हा ऐकावयाचे. प्रवचनाचा कंटाळा येऊन जो उठून जाऊ लागे, त्यास दोरीवरची कसरत पाहावयास मिळत नसे. हा सौदा पुष्कळांस पटे.

शिक्षणाची वाट मात्र बिकट होती. सावत्र भाऊ आंतोनियो शेतावर राबून दमलेला असे. धाकट्याच्या हाती पुस्तक पाहिले की त्याच्या अंगाचा तिळपापड होई. त्यास सर्वस्वी वाईट ठरविणे आम्हांस योग्य वाटत नाही. ज्याच्या ताटात पोलेंता मोजून पडते, त्यास पुस्तक ही चैन वाटली तर नवल कोणते? परंतु घरातील भांडण इतके विकोपास गेले की, १८२८ सालच्या फेब्रुवारीत, कडाक्याच्या थंडीत, आईने साडेबारा वर्षांच्या जोव्हानीस कपड्यांचे गाठोडे देऊन घराबाहेर काम शोधण्यास धाडले. मोन्कुक्को गावाजवळील एका शेतकऱ्याकडे तो जवळजवळ दोन वर्षे चाकरीस होता. पुढे डॉन कालोस्सो नावाच्या वृद्ध धर्मगुरूंनी त्यास लॅटिन शिकविण्यास आरंभ केला, पण वर्षभरातच त्यांस मृत्यूने गाठले. मरतेवेळी त्यांनी पैशाच्या पेटीची किल्ली खुणेने जोव्हानीच्या हाती दिली होती. त्याने ती त्यांच्या वारसांच्या स्वाधीन केली आणि तो पुन्हा रिकाम्या हाताने घरी आला.

अखेर वाटणी होऊन आंतोनियो वेगळा झाला आणि जोव्हानी शाळेत जाऊ लागला. कास्तेलनुओव्होची शाळा घरापासून पाच किलोमीटर. पुढे किएरी गावची शाळा, तेथे मुक्काम करूनच राहावे लागे. फी व जेवणाचे पैसे भरण्यासाठी त्याने काय केले नाही? शिंप्याजवळ बसून बटणे लावावयास व कपडे शिवावयास शिकला, लोहाराच्या भट्टीवर घण मारला, किएरीत एका कॉफीगृहात नोकरी करून जिन्याखालच्या अरुंद जागेत निजला आणि मिठाया करण्यातही तरबेज झाला. ह्या विद्या वाया गेल्या नाहीत, हे पुढे दिसेल. शाळासोबत्यांची त्याने एक आनंद मंडळी काढली होती. तिचे नियम थोडके होते: ख्रिस्ती माणसास न शोभेल असे काही करावयाचे नाही, आपले कर्तव्य नीट करावयाचे, आणि सदा आनंदी असावयाचे.

ह्या मंडळीच्या वेळची एक मौज सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. किएरीत एक धंदेवाईक कसरतपटू आला. ऐन प्रार्थनेच्या वेळी तो खेळ मांडी, आणि मुले चर्च सोडून तिकडे धावत. जोव्हानीने त्यास शर्यतीचे आव्हान दिले. धावण्यात कसरतपटू हरला. पाण्याचा ओहोळ ओलांडून उडी मारण्यात हरला. बोटांवर काठी नाचविण्यात हरला. शेवटी उंच एल्म वृक्षावर चढण्याची पैज लागली. कसरतपटू इतका उंच गेला की आणखी हातभर वर जाता तर फांदी मोडती. जोव्हानी त्याच जागेपर्यंत चढला, तेथे फांदी दोन्ही हातांनी धरून शीर्षासनासारखे अंग उलटे केले, आणि त्याचे पाय त्या बिचाऱ्याच्या उंचीच्या वर गेले! पैजेत गमावलेल्या पैशांनी तो माणूस भिकेस लागण्याची पाळी आली. तेव्हा मुलांनी सर्व पैसे परत केले. अट एवढीच घातली की, त्याने मंडळीस एक जेवण द्यावे. जेवण झाले, आणि प्रार्थनेच्या वेळचे खेळ बंद झाले.

दिनांक ५ जून १८४१ रोजी तुरीन शहरात त्यांस धर्मगुरूची दीक्षा मिळाली. आईने त्यांस पूर्वीच बजावून ठेवले होते की, धर्मगुरू होऊन दुर्दैवाने तू श्रीमंत झालास, तर मी तुझ्या घराची पायरी चढणार नाही.

तुरीन त्या वेळी सार्डिनियाच्या राज्याची राजधानी होती. इटलीचे राज्य स्थापन झाले ते पुढे १८६१ साली. शहर झपाट्याने वाढत होते, जिकडेतिकडे इमारती उठत होत्या, आणि त्या उभारण्यास डोंगराळ खेड्यांतून आठ-आठ, दहा-दहा वर्षांची पोरे येत. कोणी गवंड्याच्या हाताखाली चुन्याची घमेली वाहून परांचीवर चढे, कोणी रस्त्याचे दगड बसवी, कोणी गिलाव्यास हात लावी. आल्प्सच्या दऱ्यांतून येणारी लहानखुरी पोरे श्रीमंतांच्या धुराड्यांत उतरून काजळी खरवडीत. मूल जितके बारीक तितके ह्या कामास सोयीचे, हा त्या धंद्याचा क्रूर हिशेब. दिवसभर काम, रात्री कोठेतरी गर्दीच्या माळ्यावर झोप, आणि रविवार उजाडला म्हणजे रस्ता. तेथून तुरुंग फार लांब नव्हता. आपले गुरू डॉन काफास्सो ह्यांच्याबरोबर डॉन बॉस्को तुरुंगात जाऊ लागले तेव्हा बारा ते अठरा वर्षांची धट्टीकट्टी, हुशार मुले तेथे उवांनी खाल्लेली व निरुद्योगी बसलेली त्यांनी पाहिली. त्याहून अधिक त्यांस एका गोष्टीने दुखविले. सुटून गेलेली मुले थोड्याच दिवसांत पुन्हा तेथेच दिसत. बाहेर त्यांची वाट पाहणारे कोणी नव्हते. बाहेर कोणी एक मित्र असता तर ही मुले येथे आली असती काय, हा प्रश्न त्यांच्या मनास लागला, आणि त्यांच्या उरलेल्या आयुष्यात आम्हांस ह्या एका प्रश्नाच्या उत्तराखेरीज दुसरे काही दिसत नाही.

आरंभ अगदी लहान झाला. दिनांक ८ डिसेंबर १८४१ रोजी तुरीनमधील संत फ्रान्सिसच्या चर्चमध्ये ते मिस्सेची वस्त्रे घालीत होते. थंडीमुळे एक पोर आत येऊन उभे राहिले होते. चर्चच्या सेवकाने त्यास मिस्सेस साहाय्य करावयास सांगितले. येत नाही म्हणताच झाडण्याच्या दांड्याने त्यास झोडपून हाकलले. डॉन बॉस्कोंनी सेवकास खडसावले, तो मुलगा आपला मित्र आहे असे सांगितले, आणि त्यास परत बोलावून घेतले. पोरगा आस्ती गावचा, सोळा वर्षांचा, बार्तोलोमेओ गारेल्ली नावाचा गवंडीकामकरी. आईबाप दोघेही नाहीत. वाचता येते काय? नाही. लिहिता? नाही. गाता? नाही. शीळ घालता येते काय, असे विचारल्यावर मात्र पोराच्या चेहऱ्यावर हसू आले. त्या हसण्यावर डॉन बॉस्कोंनी आपली शाळा उभारली. पुढच्या रविवारी तो सोबत्यांस घेऊन आला, आणि काही महिन्यांतच ही संख्या शेकड्यावर गेली.

शंभर मुले एकत्र जमली म्हणजे काय होते, हे आमच्या शिक्षकांस ठाऊक आहे. ह्या मुलांस जागा देण्यास कोणी तयार होईना. एका दफनभूमीजवळच्या चर्चच्या अंगणात ती एक दिवस खेळली, आणि तेथील घरकारणीच्या तक्रारीने हकालपट्टी झाली. पिठाच्या गिरण्यांजवळ गेली, तेथे गिरणीवाल्यांनी गिल्ला केला. भाड्याच्या खोल्या घेतल्या, तर शेजाऱ्यांस गोंगाट सोसवेना. शेवटी एक उघडे कुरण भाड्याने घेतले. तेथे गवत तुडविले जाते म्हणून मालकाने सोडावयास सांगितले. ह्याच सुमारास त्यांच्या सहकारी धर्मगुरूंची खात्री झाली की, ह्या माणसास वेड लागले आहे. कारण एक फुटका पैसा जवळ नसताना तो मुलांसाठी मोठमोठ्या अंगणांच्या व कारखान्यांच्या गोष्टी बोलत असे. दोन सद्गृहस्थ घोडागाडी घेऊन आले आणि त्यांनी फेरफटक्याचे निमंत्रण दिले. डॉन बॉस्कोंनी ओळखले. त्यांनी आदराने त्या दोघांस प्रथम आत बसविले, बाहेरून दार झटदिशी लावले, आणि गाडीवानास वेड्यांच्या इस्पितळाकडे हाकावयास सांगितले. इस्पितळात दोघांची सुटका होण्यास बराच वेळ लागला म्हणतात.

परंतु १८४६ सालच्या झावळ्यांच्या रविवारी, कुरणातील शेवटच्या दिवशी, ह्या हसऱ्या माणसाचे डोळे भरून आले. चारी बाजूंस मुले खेळत होती आणि पुढच्या रविवारी त्यांस कोठे बोलवावे हे त्यांस ठाऊक नव्हते. इतक्यात एक माणूस बातमी घेऊन आला की, वाल्दोक्को भागात पिनार्दी नावाच्या गृहस्थाची एक पडवी भाड्याने मिळण्यासारखी आहे. पडवी इतकी ठेंगणी होती की आत ताठ उभे राहणे कठीण. मालकाने जमीन हातभर खोदून देण्याचे कबूल केले. दिनांक १२ एप्रिल १८४६, ईस्टरच्या दिवशी, त्या खोदलेल्या पडवीत पहिली मिस्सा झाली.

त्याच उन्हाळ्यात अतिश्रमाने डॉन बॉस्को मरणाच्या दारी गेले. परांचीवर दिवसभर राबणारी पोरे उपास करू लागली, पाळीपाळीने चर्चमध्ये जाऊन रात्रीपर्यंत प्रार्थना करू लागली. ते वाचले. विश्रांतीसाठी घरी गेले आणि तेथे त्यांनी आईस विचारले की, तुरीनला येतेस काय? मार्गारीता अठ्ठावन्न वर्षांची होती. नातवंडे, शेत, कोंबड्या, स्वतःचे घर, सर्व सोडून ती ३ नोव्हेंबर १८४६ रोजी हातात कपड्यांची टोपली घेऊन मुलाबरोबर पायी निघाली. शहराच्या वेशीजवळ एक ओळखीचे धर्मगुरू भेटले. दोघांजवळ काही नाही असे पाहून त्यांनी आपले घड्याळच काढून दिले. लौकरच मार्गारीतेने आपला जपून ठेवलेला लग्नातील पोशाख व सोन्याची साखळी विकली. पुढे सर्व मुले तिला मम्मा मार्गारीता म्हणू लागली. तुरीनच्या ह्या कार्याचा इतिहास लिहिताना पुष्कळजण तिला एका परिच्छेदात आटोपतात. आम्हांस मात्र असे वाटते की, ती त्या दिवशी नाही म्हणती तर पुढचे काहीच घडले नसते.

कारण रविवारचा खेळ वेगळा आणि रोजचे घर वेगळे. ज्यांस रात्री जावयास जागा नव्हती अशा काही पोरांस डॉन बॉस्कोंनी गवताच्या माळ्यावर निजविले. सकाळी पाहतात तो पोरे नाहीत आणि पांघरुणेही नाहीत! १८४७ सालच्या मे महिन्यात पावसाने चिंब भिजलेला, थंडीने कुडकुडणारा, पंधरा वर्षांचा एक पोरका मुलगा दारी आला. काम शोधावयास डोंगरातून आला होता आणि जवळचे पैसे संपले होते. मम्मा मार्गारीताने त्यास चुलीजवळ बसवून सूप व भाकर दिली, स्वयंपाकघरात विटा मांडून त्यांवर फळ्या टाकून बिछाना केला, आणि निजण्यापूर्वी काम, प्रामाणिकपणा व देव ह्यांविषयी चार शब्द सांगितले. त्या घरात रोज रात्री निजण्यापूर्वी मुलांस दोन आपुलकीच्या गोष्टी सांगण्याचा जो परिपाठ पडला, तो त्या रात्रीपासून. मात्र मायलेकांनी स्वयंपाकघराच्या दारास कुलूपही लावले, कारण पांघरुणांपाठोपाठ भांडी जाऊ नयेत. विश्वास आणि कुलूप ही दोन्ही त्या रात्री एकाच दारात होती. भांडी गेली नाहीत. मुलगाही गेला नाही.

हळूहळू संख्या वाढली. सकाळी प्रत्येकास पाव मिळे. दुपारी थाळीत सूप. बाके नव्हती; कोणी पायरीवर, कोणी ओंडक्यावर, कोणी जमिनीवर बसून जेवे, मग आपला चमचा धुऊन खिशात ठेवी, कारण तो हरवला तर दुसरा नव्हता. डॉन बॉस्को कमरेस फडके गुंडाळून पोलेंता घोटीत, लाकडे फोडीत, विजारी बेतून शिवीत. किएरीच्या शिंप्याची व कॉफीगृहाची विद्या अशी कामास आली. संध्याकाळी कामावरून परतलेली मुले रात्रीच्या वर्गात अक्षरे गिरवीत. पिडमाँटमध्ये १८५० सालापासून जुनी वजनेमापे जाऊन मीटर-किलोग्रॅमची पद्धत सक्तीची व्हावयाची होती. मजुरीत व बाजारात गरीब मुले फसू नयेत म्हणून डॉन बॉस्कोंनी त्या पद्धतीवर सोपे पुस्तक लिहिले, आणि मुलांकडून तिच्यावर विनोदी नाटकेही करविली. दशांश अपूर्णांकांवर नाटक, ही कल्पना आमच्या गणिताच्या शिक्षकांस आवडेल की नाही हे आम्ही सांगू शकत नाही.

खेळाचा तर विचारूच नका. बॉच्ची नावाचे लाकडी गोळे फेकण्याचे खेळ, पायांस उंच काठ्या बांधून चालणे, पाठशिवणी, आणि ह्या सर्वांत झगा वर खोचून धावणारे डॉन बॉस्को. १८४८ साली ऑस्ट्रियाशी लढाई सुरू झाली तेव्हा मुलांच्याही अंगात वीरश्री संचारली. सैन्यात नोकरी केलेला एक तरुण लाकडी बंदुका देऊन त्यांची कवायत घेई. एका रविवारी पराभूत पलटण मागे हटता हटता मम्मा मार्गारीतेच्या भाजीच्या वाफ्यांत शिरली, आणि कोबी व कांद्यांचा चुराडा झाला. असेच आणखी काही प्रसंग झाल्यावर एके संध्याकाळी त्या माउलीचा धीर सुटला. धुतलेले कपडे मातीत पडतात, मोजे हरवतात, भाजी तुडविली जाते. आपण आता बेक्कीस परत जातो, असे ती म्हणाली. डॉन बॉस्कोंनी उत्तर दिले नाही. भिंतीवरील क्रुसाकडे फक्त बोट दाखविले. तिने पुन्हा परकर सावरला आणि ती कामास लागली. १८५६ सालच्या २५ नोव्हेंबरास तिचे निधन झाले, तोवर तिने घरी जाण्याची गोष्ट काढली नाही.

मुले निजू लागली, जेवू लागली. पण दिवसा ती ज्या मालकांच्या हाताखाली राबत, तेथे मार व शिव्या होत्याच. ह्यावर डॉन बॉस्कोंनी केवळ उपदेश केला नाही. त्यांनी करारनामे लिहविले. १८५२ सालच्या फेब्रुवारीतील, मुद्रांकित कागदावरचा, एका शिकाऊ सुताराचा करारनामा अद्याप जपून ठेवला आहे. मालकाने मुलास फक्त धंद्याचेच काम द्यावे, घरगड्याचे नव्हे. चुकल्यास शब्दांनी समजवावे, हात उगारू नये. सणावारी सुटी द्यावी आणि वर्षाकाठी पंधरा दिवसांची रजा द्यावी. अशी कलमे त्यात आहेत, आणि खाली मालक, मुलगा, जामीन व डॉन बॉस्को ह्यांच्या सह्या आहेत. सुताराच्या पोरास वर्षाची रजा कागदावर लिहून मिळणे ही त्या काळी केवढी गोष्ट होती! तरीही सर्व मालक चांगले निघेनात, तेव्हा १८५३ सालापासून घरातच मोचीकाम व शिवणकामाचे कारखाने निघाले, मग पुस्तकबांधणी, सुतारकाम, छापखाना व लोहारकाम. मोच्यांचा पहिला कारखाना म्हणजे एका लहानशा खोलीतील काही तिवया; तेथे खिळे ठोकावयास शिकविणारे पहिले गुरुजी स्वतः डॉन बॉस्कोच होते.

१८५४ सालच्या उन्हाळ्यात तुरीनमध्ये पटकीची साथ आली. वाल्दोक्कोच्या आसपासची गरीब वस्ती तिने पार झोडपली. रोग्यांस हात लावावयास माणसे मिळेनात. डॉन बॉस्कोंनी मुलांस विचारले. प्रथम १४ मुले पुढे आली, पुढे हा आकडा ४४ वर गेला. रस्त्यांवर वाढलेली ही पोरे रोग्यांच्या खोल्यांत शिरली, त्यांस धुतले-पुसले, चादरी बदलल्या. घरातील चादरी संपल्या तेव्हा मम्मा मार्गारीताने वेदीवरील वस्त्रही काढून दिले. साथ ओसरली, त्या मुलांतील एकही दगावला नाही. डॉन बॉस्को ह्यास देवाची कृपा मानीत, आणि त्यांनी मुलांस व्हिनेगारने हात धुण्यास सांगितले होते, हेही येथे नमूद केले पाहिजे.

त्याच वर्षी दोमेनिको साव्हियो नावाचा, लोहाराचा मुलगा तेथे शिकावयास आला. तो फार भाविक होता. संत व्हावयाचे म्हणून ऐन थंडीत पातळ पांघरूण घेऊन तो कुडकुडत निजे, आणि अंथरुणात खडे ठेवी. डॉन बॉस्कोंनी हे सर्व बंद करविले. आनंदाने राहा, अभ्यास कर, सोबत्यांबरोबर खेळ, तुझ्यासाठी तपश्चर्या हीच, असे त्यास समजाविले. हा मुलगा पंधरावे वर्ष पुरे होण्यापूर्वीच १८५७ साली क्षयासारख्या आजाराने गेला. त्याच्या उलट मिकेले मागोने. कार्मान्योला स्टेशनवर दाट धुक्यात गाडीची वाट पाहत असता डॉन बॉस्कोंस मुलांचा कलकलाट आणि त्यात सर्वांवर हुकूम चालविणारा एक आवाज ऐकू आला. तो ह्या बाराव्या वर्षीच्या सेनापतीचा. बाप मेलेला, आई मोलमजुरी करणारी, शाळेतून हाकललेला. डॉन बॉस्कोंनी त्यास वाल्दोक्कोस आणले. तेथेही तो शाळेची घंटा होताच तोफेच्या गोळ्यासारखा अंगणात सुटे. त्यास कोणी मूठभर सोबत्यांसारखे मुकाट बसविले नाही. अंगणात धावू दिले. तोही चौदाव्या वर्षी वारला. दोघांचीही चरित्रे डॉन बॉस्कोंनी स्वतः लिहिली. आपल्या घरी दारिद्र्याने व रोगाने किती मुले अकाली जात, हे त्यांनी लपविले नाही.

सर्व मुले सुधारली असे कोणी समजू नये. काही पळाली, काहींस त्यांनी दुःखाने घरी पाठविले. पण मुलास अपराध करू देऊन मग मारण्यापेक्षा, अपराधाची वेळच येणार नाही इतके त्याच्या जवळ राहावे, हा त्यांचा मार्ग त्यांनी सोडला नाही. १८७७ साली त्यांनी तो एका छोट्या निबंधात लिहून काढला. मुलांवर नुसते प्रेम असून भागत नाही, ते प्रेम मुलांस कळलेही पाहिजे, ह्यावर त्यांचा सारा भर असे. आमच्या मते हे काम छडीपेक्षा शतपट कष्टाचे आहे. छडीस एक क्षण लागतो, अंगणात रोज उभे राहावयास आयुष्य लागते.

पुढील गोष्टी आम्ही थोडक्यात सांगतो. १८५९ साली त्यांच्याच हाताखाली वाढलेल्या तरुणांचा संघ स्थापन झाला. सौम्यतेविषयी प्रसिद्ध असलेल्या संत फ्रान्सिस द सेल्स ह्यांच्या नावावरून त्यास सेल्शियन म्हणतात. मुलींसाठी तसाच भगिनीसंघ १८७२ साली मारिया माझ्झारेल्लो हिच्या साहाय्याने निघाला. १८७५ साली पहिली तुकडी अर्जेंटिनास गेली. भारतात हे लोक १९०६ साली तंजावरास आले, आणि मुंबईत माटुंग्यास डॉन बॉस्कोंच्या नावाचे जे हायस्कूल आहे, ते आमच्या पुष्कळ वाचकांनी पाहिलेच असेल.

श्रमाने शरीर झिजले होते. पायांस सूज, डोळ्यांस अंधारी. शेवटी शेवटी दोघांच्या आधारावाचून चालता येईना. दिनांक ३१ जानेवारी १८८८ च्या पहाटे, बहात्तराव्या वर्षी, वाल्दोक्को येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या दर्शनास आलेल्या गर्दीत गवंडी होते, मोची होते, छापखानदार होते. पिकल्या केसांची ती माणसे एके काळी त्याच अंगणात खिशात चमचा घेऊन हिंडलेली होती. जन्मगावाचे नाव १९३० साली बदलून कास्तेलनुओव्हो डॉन बॉस्को असे ठेवण्यात आले. दिनांक १ एप्रिल १९३४ रोजी रोममध्ये त्यांस संतपद देण्यात आले. तोही ईस्टरचाच दिवस होता. ती हातभर खोदलेली पिनार्दीची पडवी मुलांसाठी उघडली गेली, तसाच.